शंभरातले चौतीस

३ फेब्रुवारी, मंगळवार

बँकेच्या मोठ्या बाईंनी आमचा वीस वर्षांचा अंदाज परत पाठवला. पहिल्याच पानावर लाल पेनाने एक ओळ: "दर वेळी चार वर्षांनीच का?"

प्रश्न बरोबर आहे. आमचा विभाग सहा वर्षं सांगतोय की आपलं चलन, आपली पोरं जातात त्या तिकडच्या देशाच्या चलनापुढे चार वर्षांनी सावरायला लागेल. दरवर्षी नवा अंदाज निघतो आणि दरवर्षी सावरायला चार वर्षं उरलेली असतात. दरकाका म्हणाले, "बाई, आपली दुकानातली पाटी झालीय. आज रोख, उद्या उधार. उद्या काही उजाडत नाही."

दरकाका माझ्यासमोरच्या टेबलावर बसतात. माझ्याहून नऊच वर्षांनी मोठे, पण अख्खी बँक त्यांना दरकाका म्हणते. मी माणसं देते, ते दर देतात. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत देशात कोणत्या वयाची किती माणसं असतील ते मी काढायचं, आणि त्यावरून चलन कुठे जाईल ते त्यांनी.

लोकांना वाटतं, माणसं वाढली की चलन पडतं. इतकं सरळ नाही ते. घरात पाच लहान मुलं असली की दूध, औषधं, वह्या सगळंच जास्त लागतं. त्यातलं पुष्कळसं बाहेरून आणावं लागतं, आणि त्यासाठी बाहेरचं चलन विकत घ्यावं लागतं. तेव्हा आपलं पडतं. तीच पाच मुलं मोठी होऊन कामाला लागली की आपला माल बाहेर जातो, लोक आपलं चलन मागतात, ते चढतं. पुढे पाचही म्हातारी झाली की साठवलेलं मोडून खायचे दिवस. आम्ही मधल्या पायरीवर पोचलो आणि नेमकी तेव्हाच आमची पोरं उठून तिकडे गेली. तिकडे म्हातारे जास्त, पाळणे कमी. आमच्या पोरांनी त्यांना सावरून धरलं.

पण गेलेल्यांतले शंभरी चौतीस पाच वर्षांत परत येतात. हा आकडा माझा. चलन सावरणार ते त्यांच्याच जोरावर.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ठरल्याप्रमाणे ठकीचा फोन. वीस मिनिटं. (अठ्ठावीस वर्षांची झाली, पण माझ्या वहीत ती ठकीच.) सातवा महिना लागेल आता. आवाज दमलेला होता.

मी विचारलं, मागच्या खोलीला रंग कोणता देऊ, पिवळा की फिकट हिरवा? बाळंतपण झालं की सहा महिन्यांत दोघं बाळाला घेऊन कायमची इकडे येणार, हे तिच्या लग्नापासून ठरलेलं आहे. ती म्हणाली, "कोणताही दे गं आई." मग म्हणाली, स्वयंपाकघर तोडून नवीन करतायत, सगळीकडे धूळ आहे. भाड्याच्या घरात एवढा खर्च कशाला करायचा? पण तिकडचे घरमालक बरे असतील. जावयाने मागून काहीतरी म्हटलं आणि तिने लगेच विषय बदलला.

शेवटी तिने विचारलं, "तुझा पासपोर्ट चालू आहे ना?" बाळाच्या कागदपत्रांना आजीचा लागत असेल.

ह्यांनी फोन घेतला आणि नेहमीसारखं हवापाणी विचारून ठेवून दिला. रंगाचं काढलं तर म्हणाले, "थांब की जरा. ताज्या रंगाचा वास बाळाला चांगला नाही." बाळ यायला अजून आठ-नऊ महिने आहेत. एवढे दिवस वास टिकतो का? शाळेत गणित शिकवतात आणि घरात हिशेब असा.

११ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. वयाने माझ्याहून लहान, पण समोर उभं राहिलं की आपोआप पदर नीट केला जातो.

"हा चौतीस आला कुठून?"

मी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी या शहरातली शंभर घरं निवडली होती. प्रत्येक घरातून त्या वर्षी एक माणूस परदेशी गेलेलं. घरच्यांना फॉर्म भरायला दिला. प्रश्न अकरावा: गेलेली व्यक्ती पाच वर्षांत परत येईल का? चौतीस घरांनी 'होय' लिहिलं. पुढे पाहणी मोठी करायची होती, राहून गेलं. आकडा मात्र राहिला.

"म्हणजे जे गेले त्यांना विचारलंच नाही?"

"त्यांचे पत्ते नव्हते."

"मग विचारलं कोणाला?"

"घरच्यांना. आईवडिलांना, बहुतेक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही आयांना विचारलंत, मूल परत येईल का?"

दरकाका खिडकीबाहेर बघत होते. बाई म्हणाल्या, "पाच वर्षं उलटून गेलीत. त्याच शंभर घरांत जाऊन बघा, कोण आलंय. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट सहा वर्षांत मला सुचली नाही. बाईंना वाटतं आम्ही मनातले मांडे मोजून आणले. पण आईला आपलं मूल कळत नाही असं कसं म्हणता येईल? तिच्याइतकं कोणाला कळतं?

१५ फेब्रुवारी, रविवार

ठकीचा फोन सात मिनिटांतच संपला. डॉक्टरकडे जायचं म्हणाली. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ, अशा वेळी कसले डॉक्टर? तिकडे असतील.

हिरवा रंग आणला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पुष्कळशा घरांचं फोनवर झालं. 'होय' लिहिलेल्या घरांत मात्र स्वतः जायचं ठरवलं. दरकाका म्हणाले, "मीही येतो. बसून बसून माझाही दर पडलाय."

पहिलं घर चपलांच्या दुकानदाराचं, दुकानाच्या वरच. मुलगा गेला आहे.

"येणार तर! दुकान कुणासाठी ठेवलंय मग?"

"आला होता का मध्ये?"

"मागच्या... नाही, त्याच्या आधीच्या..."

आतून त्यांची बायको म्हणाली, "चार वर्षं झाली. सांगा की खरं. त्या काय पोलीस आहेत?"

"सुट्टी मिळत नाही त्याला!"

"हो ना. आणि सासूबरोबर समुद्रावर गेला त्याचे फोटो काय मीच काढले?"

दुकानदार आमच्याकडे वळले. "लिहा, येणार. पाच नाही, सात वर्षं लिहा."

फॉर्मवर सातची सोय नाही. मी तसंच सांगितलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच मुलाला अडवून धरलंय.

दुसरं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. त्या दरवर्षी लेकाच्या मापाचा एक शर्ट शिवून ठेवतात. सहा शर्ट घडी करून ठेवलेले. "माप जुनंच आहे," त्या म्हणाल्या, "जाडा झाला असेल. फोटोत नुसतं तोंड दिसतं." मग हसल्या. "बाही वाढवता येते. पोटाचं काय करू?"

परत येताना दरकाका म्हणाले, "बाई, एक सांगू? आपला दर अजून एवढा तरी उभा आहे तो याच पोरांमुळे. दर महिन्याला घरी पैसे पाठवतात ना. लोक विचारतात ते कुठवर पाठवतील. मी माझ्या आकड्यांत पाहिलंय. आईबाप असेपर्यंत."

त्यांचा मुलगा जाऊन अठरा वर्षं झाली. मी विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अठ्ठ्याण्णव घरं झाली. 'होय'वाल्यांतले आतापर्यंत पाच जण परत आलेत. एकाचा हात यंत्रात सापडला. दोघांची नोकरी गेली. एकीचं लग्न मोडलं. एक नर्स आईला अर्धांगवायू झाला म्हणून आली. ती म्हणाली, "आईला वाटतं मी तिच्यासाठी थांबलेय. थांबलेच आहे. पण ताई, मला रोज सकाळी उठल्यावर दोन मिनिटं कळत नाही मी कुठे आहे."

गंमत म्हणजे ज्यांच्या घरच्यांनी 'नाही' लिहिलं होतं त्यांच्यातलेही दोघे परत आलेत. एकाच्या वडिलांनी दारातच सांगितलं, "आम्ही नको म्हणत होतो हो!"

म्हणजे शंभरात सात. तेही यायचं होतं म्हणून एकही आलेला नाही.

पण ठकीचं वेगळं आहे. ती ठरवून येतेय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उरलेल्या दोनांपैकी एका घरचं कोणी आलेलं नाही. दुसरा फॉर्म, एकसष्टावा, आज उघडला. पत्ता वाचला आणि आधी वाटलं नजरचूक झाली. पत्ता आमचा.

बँकेत काम करणाऱ्यांची घरं वगळायची हा नियम माझाच. पण घर ह्यांच्या नावावर, धंदा शिक्षक, म्हणून यादीत राहिलं असणार. फॉर्म ह्यांनी भरलाय. ते उभट, फळ्यावरचं अक्षर. प्रश्न अकरावा. ह्यांनी लिहिलंय, "नाही."

त्या 'नाही'वर एक सरळ रेघ. वर "होय." शेजारी दुरुस्ती करणाऱ्याची छोटी सही.

आमच्याकडे खाडाखोड केली की शेजारी सही करायची पद्धत आहे. मीच सगळ्यांना शिकवली. सही माझी. अक्षर माझं.

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. फॉर्म टेबलावर आले असतील, मी चाळत बसले असेन, ठकीला जाऊन तीनच महिने झाले होते. नियमाप्रमाणे तो फॉर्म बाजूला काढायला हवा होता. मी तो ठेवला, खोटा केला, आणि खोटा केला तोही नियमाने.

दरकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बघितला, चष्मा काढला. "मला माहीत होतं."

"हा फॉर्म?"

"फॉर्म नाही. चौतीस हा आकडा. विमानतळाचे आकडे माझ्याकडे येतात. एवढी माणसं परत येत असती तर मला दिसली असती."

"मग बोलला का नाहीत?"

"दर जानेवारीत तुमची यादी यायची," ते म्हणाले, "तर शंभरातले चौतीस बघून बरं वाटायचं हो. म्हणायचो, असेल एखाद्याचा नंबर."

१ मार्च, रविवार

फोन मी घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिले. हे बराच वेळ बोलत होते, दार लोटून. दार का लोटलं?

नंतर मी फॉर्मचं काढलं.

"तुम्ही 'नाही' लिहिलं होतंत."

"हो."

"ती जाऊन तीन महिने झाले होते. एवढ्यात कसं कळलं?"

हे वर्तमानपत्राची घडी घालत बसले. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली. "जाताना तिने तिची पुस्तकं वाटून टाकली. आठवतं? शेजारच्या मुलींना, वाचनालयाला. परत येणारं माणूस पुस्तकं खोक्यात भरून माळ्यावर टाकतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रोज त्या खोलीत जाऊन खिडकी उघडायचीस. काय सांगणार?"

मी खूप बोलले. सहा वर्षं मला वेडी ठरवून मजा बघत होतात, असंही म्हटलं. ते म्हणाले, "मजा? अगं, यंदा पहिलीत अकरा मुलं आहेत. मी हजेरी घेतो आणि दीड मिनिटात संपते. मलाच कळत नाही पुढे काय करायचं. मजा कसली?"

हिरव्या रंगाचा डबा दोघांच्या मध्ये होता. त्यांनी तो पायाने हळूच टेबलाखाली सरकवला. मला हसू आलं आणि मग नको तेवढं रडूही.

४ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंपुढे एकसष्टावा फॉर्म ठेवला आणि सगळं सांगितलं.

"एका फॉर्मने काय फरक पडतो? चौतीसचे तेहतीस."

"बाकीचे तेहतीसही असेच आहेत बाई."

"असतील," त्या म्हणाल्या. "पण त्यांत आईने खाडाखोड करून सही केलेली नाही."

लेखी ताकीद मिळेल, सेवापुस्तकात नोंद होईल. हात दाखवून अवलक्षण. पण बरं वाटलं, खोटं का बोलू. नवा अंदाज शंभरात सात धरूनच करायचा आहे. दरकाकांनी दुपारी रेघ काढली. पूर्वी ती चार वर्षांनी वर वळायची. आता उतरत जाते, मग आडवी होते आणि तशीच कागदाच्या कडेपर्यंत जाते. आम्ही दोघं ती बघत राहिलो. "सरळ तरी आहे," काका म्हणाले.

बाईंनी बघून विचारलं, "हेच छापायचं?"

मी हो म्हटलं.

रात्रीपर्यंत काय थांबायचं, म्हणून दुपारीच लिहून ठेवते: ठकी येणार नाही. लिहिल्यावर कसं दिसतं ते बघायचं होतं. पुस्तकं, स्वयंपाकघर, पासपोर्ट, सात मिनिटांचे डॉक्टर. एवढ्या घरांत गेले आणि लोकांच्या तोंडावरचं लगेच वाचलं. फक्त आपल्या पोरीचा आवाज वाचता आला नाही. की वाचला होता आणि त्यावरही रेघ मारली?

८ मार्च, रविवार

फोन वाजला तेव्हा हे मुद्दाम बाहेर गेले. मी रंगाचं विचारलं नाही.

"ठके, एक विचारू? तुम्ही येणार नाही आहात ना?"

मला वाटलं लाइन तुटली.

"बाबांनी सांगितलं?"

"कोणी सांगितलं नाही."

"आई, मी सांगणार होते. दर रविवारी सांगणार होते."

"मग?"

"तू पिवळा का हिरवा विचारायचीस."

ती रडत होती. मी रडत नव्हते, याचं मलाच नवल वाटलं. तिने विचारलं, "रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. "खूप. तुझ्यावर, जावयावर, तिकडच्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांवर. त्यांना स्वतःची पोरं होत नाहीत तर माझी कशाला?"

ती रडता रडता हसली. "आई, काहीही काय!"

"काहीही नाही. माझा अख्खा विभाग हेच म्हणतो, फक्त आलेख काढून."

मग मी विचारलं, "घर कसं आहे?"

"कुठलं?"

"तुमचं. घेतलंत ना?"

दीड वर्ष झालं घेऊन. तिने फोन हातात धरून सगळं घर दाखवलं. जिना अरुंद आहे, बाळाला घेऊन उतरताना जपायला हवं. नवं स्वयंपाकघर छान आहे. ओटा तिच्यासाठी थोडा उंच आहे, ते मी सांगितलं. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. ती दारात थांबली आणि म्हणाली, "ही तुमच्यासाठी ठेवलीय. तीन महिने तरी ये ना, बाळंतपणाला." आणि मग घाईघाईने, "म्हणजे जमलं तर. तिकिटाचं आम्ही बघू, आपल्या पैशांत ते फार होतं."

आपल्या पैशांत किती होतं ते तिच्या आईइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी बघते म्हटलं. लगेच हो म्हणता आलं नाही. तिने घर घेतलं, कुत्रा पाळला, पडदे निवडले, आणि त्यातलं काहीच मला माहीत नव्हतं. दीड वर्ष ती माझ्याशी फक्त एका तारखेबद्दल बोलत होती, आणि ती तारीख खरी नव्हती. तिथे जायचं म्हणजे या सगळ्यात पाहुणी म्हणून जायचं. पोटच्या पोरीकडे पाहुणी.

फोन एक तास अठरा मिनिटं चालला. हे तीनदा दारापर्यंत येऊन परत गेले.

१२ मार्च, गुरुवार

अंदाज छापून आला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी: चलन लवकर सावरण्याची शक्यता नाही. चपलांच्या दुकानदारांनी वाचलं असेल का?

रजेचा अर्ज दिला. मे ते जुलै. मोठ्या बाईंनी सही करताना मान वर न करता विचारलं, "ओटा उंच आहे म्हणता?" दरकाकांनी सांगितलं असणार. या माणसाच्या पोटात फक्त आकडे राहतात.

२५ मार्च, बुधवार

सकाळी साडेनऊला टेबलावरचा फोन थरथरला. ठकी. बुधवारी. माझ्या हातातला कप कलंडला. आठवा महिना आहे. दरकाका खुर्ची मागे सारून उभेच राहिले.

"काय झालं? कुठे आहेस? जावई कुठे आहेत?"

"अगं, काही नाही झालं! कामावरून निघालेय. बस यायला नऊ मिनिटं आहेत, म्हणून केला."

काही नाही झालं. पाय सुजलेत, म्हणून एक नंबर मोठे बूट घेतले. दुकानातल्या मुलीने विचारलं, भेट द्यायला हवेत का, तर ही म्हणाली, हो, माझ्याच पायांना. ऑफिसातल्या एकीने बाळासाठी टोपी विणलीय, ती एवढी मोठी झाली की जावयालाच बसते. थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ रोज भेटतात, ते तिला बाकावर जागा करून देतात आणि स्वतः काठी टेकून उभे राहतात. आज तिने त्यांना आग्रहाने शेजारी बसवून घेतलंय. "बसलेत बघ, काही कळत नाही त्यांना आपलं बोलणं, पण मान हलवतायत."

मी त्यांना नमस्कार सांगितला. तिने त्यांच्या भाषेत सांगितला. पलीकडून एक घोगरा आवाज काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आई आहे का? मग सावकाश बोल, बस चुकली तरी चालेल. आली बघ बस, आई. ठेवते हं."

दरकाका अजून उभेच होते. "काय म्हणते?"

"काही नाही," मी म्हटलं.

सांडलेला चहा पुसायचा राहिलाच होता. तो पुसला. मग जिन्यात जाऊन थोडी उभी राहिले. सुजलेले पाय कोमट पाण्यात ठेवायचे असतात, हे सांगायचं राहून गेलं. त्या बसला आज पाच मिनिटं उशीर झाला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?